प्रतिसाद: लिक्विडमध्ये ठुमरीचा तुकडा बेसूर का वाटतो

तुम्ही लिक्विड, म्हणजे ड्रम अँड बासच्या सुरेल प्रकारातल्या ट्रॅकमध्ये ठुमरी घेतली आहे. तुमच्या दोन तक्रारी आहेत: ठुमरीची ओळ इलेक्ट्रिक पियानो ऱ्होड्‌सच्या कॉर्डवर बेसूर वाटते, आणि दांडिया बाजारच्या हॉलमध्ये बास गायब होतो.

आधी सूर. गायिकेचा षड्ज काळी चारच्या (कीबोर्डवरचा जी शार्प) जवळपास असला तरी नेमका तिथेच असेल असं नाही. तानपुऱ्याचा एकटा तुकडा ट्यूनरवर बघा आणि जितके सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग) फरक येईल तितका सिंथ हलवा. आवाजाला हात लावू नका. तरीही खटकतंय? मग गंधार बघा. गाण्यातला शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट उतरलेला असतो. लांब ठेवलेल्या गंधाराखाली मेजर कॉर्ड धरली की दोन गंधार भांडतात. पॅडमधून (मागे लांब धरलेल्या कॉर्डच्या आवाजातून) गंधार काढून टाका, सा-प पुरे. ऑटोट्यून तर नकोच, मींडच (सुरावरून सुरावर घसरत जाणं) मरते.

बास: काळी चारचा खालचा सूर 26 हर्ट्‌झ. साध्या 15 इंची स्पीकरमधून तो येतच नाही. एक सप्तक वर, 52 वर घ्या, थोडं सॅच्युरेशन (आवाजाची हलकी विकृती) देऊन 104 चा सूर उठवा. 120 हर्ट्‌झच्या खाली सगळं मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज. किकसाठी साइडचेन (किक वाजताच बास दाबणं) 3-4 डीबी, रिलीज (बास परत वर यायचा वेळ) 80 मिलिसेकंद. 174 बीपीएमला (मिनिटाला 174 मात्रा) मात्रा 345 मिलिसेकंदांची असल्याने लांब रिलीजने बास धापा टाकतो.

ऐकायला ड्रम अँड बास निर्माता कॅलिबरचा 2001 चा अल्बम ‘म्युझिक काँक्रेत’ घ्या. आवाजाभोवती किती जागा मोकळी सोडायची, ते त्यात नीट कळतं.