आज काय मुरवलंत, कशात मुरवलंत?

गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या कपाटाचा दुसरा कप्पाही गेला. पातेली खालच्या खणात हलली आणि त्यांच्या जागी आता दोन गायवान (झाकणाच्या चिनी वाट्या), एक क्यूसू (बाजूला दांडा असलेली जपानी किटली), चार बिनकानाचे पेले आणि अर्धवट संपलेली सात पाकिटं आहेत. घरच्यांचा प्रश्न एकच, "तू एक माणूस, पितोस तरी कशाकशात?" याचं उत्तर एकट्याला देता येत नाही, म्हणून तुम्हा चहाबाजांना हे बोलावणं, खाली एकेकानं आपलं लिहा. आज कोणता चहा प्यायलात, किती पत्ती, किती पाणी, किती वेळ, आणि कशात? नवीन काही घेतलं असेल तर तेही सांगा. फसला असाल तर आधी ते सांगा. नुसतं "छान झाला होता" नको, ग्रॅम आणि सेकंद लिहा.

सुरुवात माझ्यापासून. सकाळी दार्जिलिंगचा सेकंड फ्लश, म्हणजे मे-जूनची तोड. ३ ग्रॅम पत्ती, २०० मिली पाणी, उकळी येऊन मिनिटभर थांबलेलं, साडेतीन मिनिटं. कोराच. त्याला जो पिकल्या द्राक्षाच्या सालीसारखा वास येतो, मस्कटेल म्हणतात तो, त्यात तुडतुड्यांचा मोठा वाटा. ते कोवळ्या पानातला रस शोषतात, पान चवताळून स्वतःच्या बचावासाठी गंधद्रव्यं तयार करतं, आणि पुढे तीच आपल्या कपात उतरतात. तैवानचा ओरिएंटल ब्यूटी हा ऊलाँगसुद्धा (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधली जात) अशाच किडीच्या कृपेचा. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलो, त्यामुळे तुडतुड्यांचं कौतुक लिहिताना हात जरा अडखळतोच.

नवी खरेदी म्हणजे ११० मिलीचा पांढरा गायवान. पहिल्यावर समाधान का झालं नाही, ते विचारू नका.

*

गायवानावरून लिहिते. झाकण, वाटी, बशी, एवढंच ते भांडं. ना कान ना तोटी. पहिला आठवडाभर माझ्या अंगठ्याला फोड होता. चूक साधीच होती, मी वाटी काठोकाठ भरत होते. वाटीची कड बाहेर वळलेली असते ती उगाच नाही. पाणी त्या वळणाच्या खाली थांबवायचं, म्हणजे कड हात लावण्याइतकी गार राहते. अंगठा आणि मधलं बोट समोरासमोर कडेवर, तर्जनी झाकणाच्या बोंडावर. झाकण किंचित तिरकं, फट तांदळाच्या दाण्याएवढी. आणि ओतताना घाबरून हळू ओतायचं नाही! हळू ओतलं की वाफ बोटांवर येते आणि पाणी वाटीच्या बुडाशी ओघळतं. एका झटक्यात मनगट वाकवायचं. मी दोन दिवस सिंकजवळ उभी राहून नुसत्या गार पाण्यावर हात बसवला.

सध्या रोज तिएग्वानयिन, म्हणजे एक चिनी ऊलाँग, चालू आहे. ५ ग्रॅम, १०० मिली, उकळतं पाणी. पहिलं पाणी २० सेकंद, दुसरं १५, मग दर वेळी पाच-दहा सेकंद वाढवत जायचं. मिऱ्याएवढी घट्ट गोळी सहाव्या पाण्याला अख्खं पान होऊन वाटीतून डोकं वर काढते, देठासकट. चव माझ्या मते तिसऱ्या पाण्याला सगळ्यात भरलेली असते. नवऱ्याचं मत पाचव्याला आहे. त्यावरून आमची रोज वादावादी होते.

*

"फसला असाल तर आधी ते सांगा" हे वाक्य माझ्यासाठीच लिहिलंय बहुतेक.

काळीभोर, अंगावर खडीसारखे उठाव असलेली बिडाची जपानी किटली घेतली. घरी आलो, पाणी भरलं आणि थेट गॅसवर ठेवली. चार-पाच मिनिटांनी आतून 'टक्' असा आवाज आला. झाकण उघडून पाहिलं तर बुडाचं एनॅमल नखाएवढं उडालेलं. मग कळलं की बिडाच्या या दिसायला सारख्या भांड्यांत दोन जाती आहेत. पाणी उकळायची ती तेत्सुबिन, आतून उघडं लोखंड. दुसरी चहा मुरवायची, आतून एनॅमल आणि सोबत जाळीची गाळणी. ही दुसरी विस्तवावर चढवायची नसते. खोक्यावर लिहिलं होतं म्हणे. खोकं मी उत्साहाच्या भरात आधीच टाकून दिलं होतं.

हल्ली तिच्यात सुटे स्क्रू असतात. चहा स्टीलच्या किटलीतला, आसाम ऑर्थोडॉक्स (दाणेदार नव्हे, वळलेल्या पानाचा), ४ मिनिटं, आणि उत्तम होतो.

*

मी बरीच वर्षं चहा चाखून भाव ठरवण्याच्या कामात होतो, म्हणून ग्रॅम-सेकंदांचा आग्रह वाचून बरं वाटलं. आमच्या धंद्याचं माप ठरलेलं आहे. आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक, पहिल्यांदा १९८० साली आलेलं. १०० मिली पाण्याला २ ग्रॅम चहा, ताजं उकळलेलं पाणी, झाकण घालून ६ मिनिटं, भांडं चिनी मातीचं किंवा ग्लेझ दिलेल्या मातीचं, कडेला दाते. मग भांडं वाडग्यावर आडवं करायचं. अशाच ब्रिटिश मानकाच्या सहा पानांना १९९९ साली इग्नोबेल, म्हणजे नोबेलची थट्टा करणारं बक्षीस, मिळालं. जगानं हसून घेतलं. आम्हाला त्यात हसण्यासारखं फारसं काही दिसलं नाही. रोज शंभरावर कप चाखायचे आणि आजच्या कपाची कालच्याशी तुलना करायची, तर माप हलून चालत नाही.

पण ते माप पिण्याचं नाही बरं का. सहा मिनिटांत चहा पुरता नागवा होतो. तुरटपणा, धूर, शिळेपणा, जळकेपणा, सगळं बाहेर येतं. तेच हवं असतं. घोट जोरात 'फुर्रर्र' करून ओढायचा, म्हणजे तो वाऱ्यासोबत टाळ्याला आणि नाकामागे पोचतो. या सवयीमुळे मला कुठल्याही लग्नात कुटुंबीय शेजारी बसू देत नाहीत.

माझं सांगणं इतकंच, नवीन पाकीट आणलं की एकदा तरी असा चहा करा, आणि शेजारी जुन्या ओळखीच्या चहाचा कप ठेवा. नंतर हवं तसं प्या. मी स्वतः अडीच मिनिटांवर थांबतो.

*

किटल्यांवर चर्चा चाललीय, पण पाण्याबद्दल कोणी लिहिलेलं नाही. कपात नव्याण्णव टक्के तेच असतं की!

आमच्याकडे तीन पाणी येतात, फिल्टरचं, नळाचं आणि बोअरचं. स्वस्तातल्या टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) अनुक्रमे १५, ९० आणि ४०० च्या आसपास. एकच आसाम, एकच माप, तीन सारखे पेले. बोअरच्या पाण्यातला चहा गढूळ, वर तेलकट दिसणारा तवंग, आणि कपाला तपकिरी वर्तुळ. तो तवंग तेलाचा नसतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट चहातल्या पॉलिफेनॉलांशी (तुरट घटकांशी) आणि हवेशी मिळून तो बनवतात. लिंबाचे दोन थेंब टाकले की जातो, आणि त्याच वेळी चहाचा रंगही फिका पडतो. फिल्टरचा चहा स्वच्छ, पण चव कशी अंग चोरून उभी राहिल्यासारखी. नळाचा सगळ्यात गोलाकार.

आता मी फिल्टरच्या पाण्यात थोडं नळाचं मिसळते. महागड्या भांड्याआधी हे करून बघा.

*

मी यिशिंगच्या मातीच्या किटल्यांच्या नादाला लागलो होतो. चीनच्या जिआंग्सू प्रांतातलं हे शहर, तिथली झिशा माती, शब्दशः 'जांभळी वाळू'. ग्लेझ नसतो, अंगाला बारीक छिद्रं, म्हणून एका किटलीत एकाच जातीचा चहा करायचा आणि साबण कधी लावायचा नाही. वर्षानुवर्षं चहा पिऊन किटली चकाकायला लागते म्हणतात. हे सगळं वाचून मी एक घेतली. उकळतं पाणी ओतलं आणि स्वयंपाकघरभर बूट पॉलिशचा वास! विकणाऱ्यानं तीन निरोपांनंतर बोलणंच बंद केलं. खरी झिशा अशी वास मारत नाही, तिला पावसाआधीच्या सुक्या मातीसारखा जेमतेम वास असतो.

दुसरी जाणत्या माणसाला विचारून घेतली, १२० मिलीची. तोटी, झाकण आणि कान एका ओळीत, आणि झाकणाच्या छिद्रावर बोट ठेवलं की धार जागच्या जागी तुटते. हे करून बघण्यात मला जितका आनंद मिळतो तितका चहातही मिळत नाही.

प्रामाणिकपणे पुढचंही सांगतो. बहिणीनं माझे डोळे बांधून तोच वुयी ऊलाँग या किटलीतला, गायवानातला आणि काचेच्या भांड्यातला दिला. यिशिंगचा म्हणून मी ठामपणे काचेतल्या कपावर बोट ठेवलं.

*

तुम्हा सर्वांना साष्टांग दंडवत. मी दूधवाला. म्हणजे चहात दूध घालणारा.

चहा सीटीसी, दाणेदार. क्रश, टिअर, कर्ल. हे यंत्र १९३० च्या दशकात आसामात विल्यम मॅककर्चर यांनी आणलं. पान दातेरी रुळांतून चिरडत, फाडत, वळत जातं, म्हणून रंग मिनिटात सुटतो आणि दुधापुढे टिकतो. तुमचं ते सेकंड फ्लशचं पान दुधात घातलं तर बिचारं गुदमरेल. दुधातलं केसीन हे प्रथिन तुरटपणा धरून ठेवतं, त्यामुळे माझ्या चहाला मनसोक्त उकळलेलं चालतं. १५० मिली पाणी, ५ ग्रॅम पूड, दोन मिनिटं खळखळ, मग १०० मिली दूध आणि दोन उकळ्या. पातेलं उतू जायला आलं की उचलायचं, खाली बसलं की ठेवायचं.

नवी खरेदी? आहे ना. दोन्ही बाजूंना तोटी असलेलं, लांब दांड्याचं पातेलं. वीस वर्षं ओट्यावर चहाचा ओघळ पुसत होतो, आता धार सरळ गाळणीत पडते. वरच्या काकांच्या सहा पानी मानकात हे कलम नसावं.

*

मी डावखुरी. क्यूसू घेताना हे डोक्यातच आलं नाही. जपानमधल्या तोकोनामेची, लाल मातीची, दांडा तोटीला काटकोनात. उजव्या हातात धरून अंगठा झाकणावर ठेवायचा, मनगट आत वळवायचं, अशी तिची घडण. डाव्या हातात धरली की तोटी बाहेर बघते, मनगट उलटं वळवावं लागतं आणि चहा कपाबाहेर. डावखुऱ्यांसाठी वेगळी घडवतात, हे नंतर कळलं. आता उजव्या हातानं ओतायला शिकलेय. बाकी कुठलंच काम मी त्या हातानं करत नाही.

सेंचाचीही, म्हणजे जपानी हिरव्या चहाची, आधी माती केली. उकळतं पाणी घालायचे आणि कडू गवताचं पाणी प्यायचे. थंड पाण्यात अमिनो आम्लं आधी सुटतात, गरमात कडवट कॅटेचिनं भराभर येतात, एवढं समजल्यावर सगळं सुरळीत झालं. थर्मामीटर लागत नाही. उकळतं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की साधारण दहा अंश उतरतात. दोन-तीनदा ओतलं की सत्तर-ऐंशीवर. ४ ग्रॅम, १५० मिली, एक मिनिट. शेवटचा थेंबही गाळून काढायचा, नाहीतर दुसरं पाणी कडवट येतं.

परवा पहिल्यांदा ग्योकुरो हा जपानी हिरवा चहा केला, ५५ अंशांवर. तोडीआधी तीनेक आठवडे झाडं सावलीत झाकतात त्याची. थियानिन हे अमिनो आम्ल १९५० च्या सुमारास याच चहाच्या पानांतून वेगळं काढलं. घोटभर चहा, पण जिभेवर कितीतरी वेळ दाट, जवळजवळ खारट. आवडला का, ते अजून ठरत नाहीये.

*

फ्रिजमधला चहा कोणीच लिहिला नाही? १ लिटर गार पाणी, ८ ग्रॅम कुठलाही ग्रीन किंवा हलका ऊलाँग, रात्री ठेवा, सकाळी गाळा. कडू हो म्हटलं तरी होत नाही. तोंडाला जाळी असलेली बाटली घेतली, संपलं.

*

प्वेर, म्हणजे चीनच्या युन्नानचा दाबून साठवलेला चहा, त्याची चकती. ३५७ ग्रॅम, आणि बांबूच्या पानांत बांधलेल्या अशा सात म्हणजे एक तोंग, अडीच किलो. मी हुशारी करून पूर्ण तोंग घेतला. मसाल्याच्या डब्यांच्या कपाटात ठेवला. सहा महिन्यांनी पहिली चकती फोडली तर युन्नानच्या रानाऐवजी वेलदोडे. दुसरी दमट कोपऱ्याकडे होती, तिच्यावर पांढरी लव. ती टाकली. उरलेल्या आता मातीच्या मडक्यात आहेत, वर कापड, आत छोटा आर्द्रतामापक. ६५ च्या पुढे काटा गेला की मी मडक्याभोवती फेऱ्या मारतो.

रोजचा म्हणजे शौ, ओला ढीग रचून आंबवलेला. ही रीत १९७० च्या दशकात कुनमिंगच्या कारखान्यात बसवली. ६ ग्रॅम, पहिलं पाणी फेकून द्यायचं, मग दहा-दहा सेकंद. रंग डांबरासारखा, वास पाऊस पडून गेलेल्या पडवीचा. चकती फोडताना सुरी स्वतःच्या दिशेनं धरू नका. टाके तीन.

*

काल गायवानाचं झाकण फुटलं. वाटी शाबूत, बशी शाबूत. दुसऱ्या कपाची बशी उपडी घालून पाहिली, बसली. फक्त बोंड नाही, म्हणून मधोमध चिमटीत धरायला कापसाची वळी ठेवते. वरच्या ताईंनी सांगितलेलं झटक्यात मनगट वाकवणं या जुगाडावर करू नये, हे दुसऱ्याच ओतण्याला समजलं. आत चीनमधल्या फुडिंगचा पांढरा चहा आहे, तीन पाणी झाली, रंग आत्ता कुठे उतरायला लागलाय. चौथं घालून येते.