अंड्याचे ट्रे ठोकले म्हणजे स्टुडिओ होत नाही!

खर्जवाला, पुणे
परवा एका ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "दहा हजारात घरी स्टुडिओ, एक कंडेन्सर माइक, भिंतीला अंड्याचे ट्रे, बस, स्टुडिओवाले लुटतात तुम्हाला." खाली नुसता अंगठ्यांचा पाऊस. मी उत्तर दिलं तर मलाच बाहेर काढलं, म्हणून इथे लिहितोय, लांबणार आहे.

अहो तो पातळ पुठ्ठा आहे. वरच्या पट्टीतलं थोडंफार खातो, बाकी काही नाही. १०० हर्ट्झची, म्हणजे खर्जातल्या सुराची, लाट जवळपास साडेतीन मीटर लांब, ती दोन इंची पुठ्ठ्याला विचारणार आहे का? त्यात आपल्या खोल्या दहा बाय दहा आणि छतही जेमतेम दहा फूट, म्हणजे चक्क ठोकळा. तिन्ही बाजूंनी एकच अनुनाद, म्हणजे तोच एक सूर फुगतो, साधारण ५६ हर्ट्झला आणि मग त्याच्या पटीत. खालची फरशी, भिंती काँक्रीटच्या, घुमारा जाणार कुठे? ट्रे लावून फक्त आवाजाची चमक जाते आणि घूम जशीच्या तशी राहते. पेट घेतो तो वेगळा.

आणि बाहेरचा आवाज अडवणं वेगळं, आतला घुमारा मारणं वेगळं. पहिल्याला वजनदार भिंत आणि दाराखिडक्यांच्या फटी बंद करणं लागतं. दुसऱ्याला ४८ डेन्सिटीचं (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूल, म्हणजे दगडी लोकरीच्या लाद्या, चार इंच जाड, सुताराकडून फ्रेम करून, वर कापड, भिंतीपासून थोडं सोडून, आणि आधी कोपऱ्यांत. माइकचे पैसे आधी खोलीत घाला एवढंच म्हणणं आहे.

बेडरूम_बादशाह
काका शांत व्हा 😄 अमेरिकन गायिका बिली आयलिशच्या ज्या अल्बमला २०२० मध्ये ग्रॅमी मिळालं तो भावाच्या बेडरूममध्ये रेकॉर्ड झालाय. तुमचं ऐकत बसलो तर पोरं रॉकवूलची कोटेशनं गोळा करत म्हातारी होतील. माझ्या खोलीत ट्रे आहेत, माझी गाणी लोक ऐकतायत, विषय संपला.

खर्जवाला, पुणे
हे बिलीचं उदाहरण येणार हे माहीतच होतं. मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवून गाणं पक्कं करायचं काम, कुणी केलं? रॉब किनेल्स्की नावाच्या मुरलेल्या इंजिनिअरनं. आणि तिकडची घरं लाकडाच्या सांगाड्याची, जिप्समच्या भिंतींची, खालचे सूर निम्मे भिंतीतून निघून जातात. तुझ्या कल्याणच्या वन बीएचकेत ते कुठे जातात? परत माइकातच येतात ना.

निवेदिका
दोघंही भांडा, मी माझं सांगते. मी ऑडिओबुकं करते. नॉइज फ्लोअर, म्हणजे गप्प असताना मागे राहणारा आवाज, उणे ६० डीबीच्या खाली मागतात, नाहीतर फाइल परत. कपड्यांचं कपाट उघडायचं, त्याच्याकडे तोंड करून बसायचं, पाठीमागे दोरीवर जाड रजया टांगायच्या, पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद (आणि नंतर आठवणीने चालू, नाहीतर सासूबाई). बोलायला एवढं पुरतं. माइक डायनॅमिकच (लांबचं फारसं न पकडणारा), तोंडापासून चार बोटं. कंडेन्सरने मला आमच्या अख्ख्या बिल्डिंगच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकवल्या होत्या.

सातारचा_तबलजी
ताई बोलण्यापुरतं ठीक. डग्गा वाजवून बघा त्या कपाटासमोर. मी भावाच्या फ्लॅटवर केलं होतं एकदा, प्रत्येक घिस्स्याला खोली मागून दुसरा घिस्सा देते. रजईने वरचा भाग मेला आणि डग्गा नुसता घूं घूं. शेवटी गावाकडच्या घरात गेलो, मातीच्या भिंती, कौलं, धान्याची पोती रचलेली, तिथे टेक मिळाला. कुठलंही प्लगिन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा प्रोग्राम) ते देणार नाही.

बेडरूम_बादशाह
देतात हो दादा, सगळं मिळतं, खोलीचा घुमारा काढून टाकणारे प्लगिन पण आहेत. टेलिग्रामवर पडलेत ढिगाने, पन्नास हजाराचा माल फुकट. म्हणून तर म्हणतोय दहा हजारात होतं.

लायसन्सवाला
हां, आलं बाहेर! म्हणजे दहा हजारात पन्नास हजाराची चोरी धरलेली आहे. तोंड वर करून सांगतोयस पण.

बेडरूम_बादशाह
चोरी काय चोरी, डॉलरमध्ये भाव लावतात, इथे कमावतो किती माणूस? तुमचं विंडोज ओरिजिनल आहे का, खरं सांगा.

लायसन्सवाला
आहे. बिल दाखवू? आणि गरिबी सांगू नकोस, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस फुकट वापरता येतं, नंतरही छोट्या वापराला ६० डॉलर, म्हणजे तुझ्या बुटांपेक्षा स्वस्त. ऑडॅसिटी पूर्ण फुकट. मॅक असेल तर गॅरेजबँड आत बसलेलंच येतं. पण नाही, पोरांना त्याच त्या मोठ्या नावांचंच हवं आणि तेही क्रॅक. मी मिक्सिंगवर घर चालवतो. परवा एक पार्टी म्हणाली, "अमुक पोरगा पाचशेत गाणं करून देतो, तुम्ही एवढे का घेता?" त्याचा खर्च शून्य आहे, माझा नाही, म्हणून घेतो मी एवढे! आणि हीच पोरं गाणं कुणी स्टेटसला ढापलं की कॉपीराइट कॉपीराइट करत ओरडतात.

बेडरूम_बादशाह
मला पर्सनली बोलू नका. तुम्हाला काम मिळत नाही त्याचा राग माझ्यावर काढताय.

सातारचा_तबलजी
लायसन्सवाले, पोरगं उर्मट आहे पण एक सांगा, तुम्ही शिकलात तेव्हा सगळं विकत घेऊन शिकलात? आमच्याकडे एका स्टुडिओत (नाव नको) वर्षानुवर्षं डुप्लिकेट डोंगलवर (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची यूएसबी चावी) भक्तिगीतं झाली. देवाला चालली.

लायसन्सवाला
देवाला चालली, मला नाही चालत.

मडगावकार
तुमचें चालू द्या 🙏 पैशांचा हिशेब करताय तर पावसाळाही धरा. आमच्या गोव्यात जून ते सप्टेंबर कंडेन्सर माइक बाहेर राहिला की कॅप्सूलला (आतल्या आवाज पकडणाऱ्या भागाला) दमटपणा धरतो आणि चर्र चर्र सुरू. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवायचा, जेल ओलं झालं की बदलायचं. कोकणात, मुंबईत वेगळं काही असेल असं वाटत नाही.

सेक्रेटरी_काका
आमच्या विंगमध्ये एकजण रात्री बारापर्यंत रॅप करतो. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे, हे या कलाकारांना कुणी सांगेल का? ट्रे लावल्यापासून तो आणखी मोठ्याने ओरडतो, त्याला वाटतं आता बाहेर जात नाही.

खर्जवाला, पुणे
सेक्रेटरी काका, माझ्या पोस्टचा याहून चांगला पुरावा मलाही सापडला नसता 🙏

लायसन्सचा मुद्दा बरोबरच आहे पण धागा खोलीचा आहे, ते भांडण दुसरीकडे घ्या. निवेदिकाताईंचं मान्य, बोलण्यासाठी रजई, कपाट चालतं, मी सगळ्यांना सुतारच बोलवा म्हणत नाही. तरी गाणं किंवा तबला असेल तर कोपरे भरावेच लागतात.

बेडरूम_बादशाह
झालं, सगळे मिळून एकट्यावर. बरं, रीपर उतरवलंय, आता ६० दिवस तरी मला चोर म्हणू नका. ट्रे मात्र काढणार नाही, रील्समध्ये मागे भारी दिसतात. आणि ते रॉकवूल, फक्त माहितीसाठी विचारतोय, मिळतं कुठे?

खर्जवाला, पुणे
एसीच्या डक्टचं काम करणाऱ्याला विचार, त्याला दुकान माहीत असतं. कापताना हातमोजे, मास्क आणि फुल बाह्यांचा शर्ट घाल, भयंकर खाज सुटते. कापड चढवल्याशिवाय खोलीत ठेवू नकोस. आणि ट्रे निदान खिडकीच्या पडद्यापासून आणि स्विचबोर्डापासून लांब लाव.