काचेची खोली, अन् तीही पश्चिमेला?

गुरुजी, आर्वी तालुका

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी लेकीकडे इंग्लंडात, लीड्सला, तीन महिने राहून आलो. तिच्या घरामागे काचेची खोली आहे, तिकडे कन्झर्व्हेटरी म्हणतात. बाहेर बोचरा वारा, आत आपण ऊन खात बसलेले. तेव्हापासून आमच्या सौ.नी एकच धोशा लावला आहे, आपल्याही घराला तशी पाहिजे. त्यांना कुंड्या ठेवायच्या, मला हिवाळ्यात सकाळी पेपर वाचायला उबदार जागा हवी. बंगई (झोपाळा) तर आलीच.

घर पूर्वेला तोंड करून. समोर कवेलूची (कौलांची) सपरी, म्हणजे पडवी, मागे पश्चिमेला मोकळं अंगण, दक्षिणेला 15 फूट रुंद जागा, तिथे सध्या पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) ढीग. शहरातला एक ठेकेदार येऊन गेला. मोबाइलवर चित्र दाखवलं: मागच्या अंगणात 14 बाय 10 ची खोली, तिन्ही बाजूंना काच, वर छपरालाही काच. म्हणाला, "सर, सूर्यास्त बघत चहा घ्या." मी 31 वर्षं गणित शिकवलं, पण हे उदाहरण काही सुटेना. मे महिन्यात चार वाजता त्या अंगणात चप्पल घालूनही उभं राहवत नाही. सौ. म्हणतात मी खर्च टाळायला कारणं शोधतो. (तेही थोडं खरं आहे.) कोणी बांधली असेल अशी खोली, तर सांगा.

वरोऱ्याचा

मी बांधली गुरुजी, अन् पस्तावलो. पश्चिमेलाच. पहिल्या एप्रिलात पोरीचे मेणाचे रंग आत राहिले. संध्याकाळी डबी उघडली तर बारा रंगांचा एकच गोळा, डबीच्या कोपऱ्यात थिजलेला.

काचेतून ऊन आत येतं, फरशी तापते, पण तापलेल्या फरशीची धग काचेतून तशी परत जात नाही. गरम हवेलाही वाट नसते. तुमच्या लेकीकडे नेमकं हेच हवं असतं. इथे नागपूरचा पारा 23 मे 2013 ला 47.9 वर गेला होता, तोही सावलीतला. कूलर लावून पाहिला. पण कूलरची हवा बाहेर पडायला समोर खिडकी लागते, माझ्या काचा सगळ्या पक्क्या बसवलेल्या. खोली नुसती दमट झाली. वर पॉलिकार्बोनेटचं (पारदर्शक प्लास्टिकचं) छप्पर होतं, त्यावर वानरांच्या टोळीने उड्या मारून दोन पत्रे फोडले. आता छपरावर बांबूचे तट्टे टाकलेत अन् आत वाळवण घालतो. पापड एका दिवसात कडक होतात, बायको तेवढ्यावर खूश आहे.

साइटवरचा

ठेकेदाराने चित्र विलायतेचं दाखवलं, सूर्य मात्र आर्वीचा आहे.

आपल्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, मग जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य जरासा उत्तरेलाच असतो. म्हणजे भर उन्हाळ्यात सगळा मार छपराला. दुपारनंतर तोच सूर्य कलून पश्चिमेच्या भिंतीत घुसतो. दक्षिणेच्या उभ्या काचेला त्या दिवसांत दुपारचं ऊन जवळपास लागतच नाही. डिसेंबरात उलटं होतं. दुपारी सूर्य दक्षिणेला, जेमतेम 46 अंशांवर, ऊन थेट खोलीत.

तेव्हा पऱ्हाट्या उचला अन् खोली तिथे बांधा. काच दक्षिणेला 5 फूट उंच, तिच्या माथ्यावर लगेच 2 फुटांचा छज्जा. 21 मार्चला दुपारी त्या छज्ज्याची सावली पूर्ण काच झाकते. डिसेंबरात वरची 2 फूट काच सावलीत राहते, खालच्या 3 फुटांतून ऊन तुमच्या पेपरवर. पश्चिमेला काच अजिबात नको, विटांची भिंत घ्या, जमलं तर दुहेरी. छप्पर कवेलूचं, उजेडाला मध्ये दोन-तीन काचेचे कवेलू पुरतात. भिंतीच्या माथ्याला जाळीचे झरोके ठेवा, गरम हवा तिथूनच निघते. अन् काचेचे पल्ले सरकते घ्या, निदान अर्धी बाजू उघडली पाहिजे.

काच टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली, 6 मिलिमीटर. ही फुटली तर साखरेसारखी बारीक होते, सुरी होत नाही. पण भट्टीतून निघाल्यावर ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून आधी चौकटी बसवा, मग माप द्या. ठेकेदार घाईत उलटं करतात अन् अर्ध्या इंचासाठी पल्ला वाया जातो. या काचेचं वजन चौरस मीटरला 15 किलो भरतं, म्हणजे 5 बाय 3 चा पल्ला 20 किलोच्या वर. खालची चाकं हलकी घेऊ नका. छपरावर काच घालायचीच असेल तर लॅमिनेटेड, दोन काचांमध्ये पडदा असलेली. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट आठवत असेल तर मात्र तो विचारच सोडा.

कायी माती

गुरुजी, वरचं सारं बरोबर हाय, पन खालचं कोनीच सांगून नाई राह्यलं. तुमच्याकडं कायी माती असन. उन्हायात तिले हात जाईन एवढ्या भेगा पडते, पावसायात ते फुगते. घराचा पाया जुना, खोल. नव्या खोलीचा दोन फुटाचा. दोघं येगयेगळे हालते. भितीले भेग पडली तं बुजवता येते, काचेले काय बुजवान? माह्या भावानं दुकानाले काच लावली. पयल्याच पावसायात चौकट तिरपी झाली, दार अडकलं अन् कोपऱ्यातून काच गेली.

कायी माती उकरून काढा, मुरूम भरा, पानी मारून धुम्मस करा. नवी खोली जुन्या भितीत गुतवू नका, मधात इंचभर फट ठेवा, वरून पत्र्याची पट्टी. छपराचं पानी पायापासून दूर काढा. माती लयच खोल असन तं अंडररीम पाइल (जमिनीतले खोल खांब) करते, खाली कांद्यावानी फुगवटा असते त्याले.

अंजनगावची

आमच्याकडे पानमळे आहेत. नागवेल केवढी नाजूक, पण तिला कोणी काचेत ठेवलेलं पाहिलं नाही. शेवरी-पांगाऱ्यावर वेल चढवतात, त्या झाडांचीच सावली, गरम वारा अडवायला आडोसा अन् पायाशी ओल. काकूंना आधी विचारा, कुंड्या कशाच्या? मोगरा, गुलाब, जास्वंद असेल तर त्या बाहेर उन्हातच बऱ्या, आत नुसती पानं येतील. मनीप्लांट, फर्न असलं काही असेल तर आत चालतं. फक्त पान काचेला टेकू देऊ नका, टेकलं तेवढं करपतं.

गुरुजी, आर्वी तालुका

सगळ्यांचे आभार. काल सव्वाबाराला अंगणात 4 फुटी काठी रोवून सावली मोजली. दोन बोटं कमी 4 फूट भरली. म्हणजे सूर्य 46 अंशांवर, साइटवरच्यांचं गणित पक्कं. सौ. दारातून बघत होत्या, म्हणाल्या, "शाळा सुटली तरी तास सुटला नाही." कुंड्यांचं विचारलं तर निघालं, सतरापैकी अकरा मोगऱ्याच्याच. त्या सपरीसमोर राहतील. खोली दक्षिणेला, 12 बाय 10, मुरूम टाकूनच. ठेकेदाराला नाही म्हटलं, गावातला मिस्त्री संक्रांतीनंतर येतो म्हणाला.

एक राहिलं. बंगईच्या कड्या कशाला लावायच्या? कवेलूच्या फाट्यांवर भरवसा नाही.

साइटवरचा

फाट्यांना नकोच. विटांच्या आधारावर आडवा लोखंडी गर्डर टाका, कड्या त्याला वेल्ड करून. तो पूर्व-पश्चिम नको, उत्तर-दक्षिण ठेवा, म्हणजे झोका काचेला समांतर जाईल. दक्षिणेकडचं टोक काचेवर टेकवू नका, तिथे विटांचा खांब घ्या. नातवंडं येतात ना सुट्टीत?

गुरुजी, आर्वी तालुका

येतात. तिघं, अन् तिघंही उभ्यानेच झोका घेतात. समांतरच ठेवतो.