हिबिंगची लोखंडाची खाण: बाबांना दाखवायला न्यायची आहे, माहिती हवी

नमस्कार मंडळी,

आम्ही मिनियापोलिसला राहतो. बाबा पहिल्यांदाच इकडे आलेत, ऑगस्टअखेर परत जातील. आल्यापासून तळी झाली, मॉल झाला, नातवाच्या सॉकरच्या मॅचेस झाल्या. सगळीकडे "छान आहे" म्हणतात आणि गाडीत जाऊन बसतात. परवा नवरा नकाशावर डुलुथ दाखवत होता. त्याचं बोट जरा वर सरकलं आणि तो सहज म्हणाला, "इथे लोखंडाच्या खाणी आहेत." बाबांनी चष्मा लावला, आणि पुढचा अर्धा तास नकाशा त्यांच्याच हातात.

बाबा तेवीस वर्षं दोडामार्गाहून डिचोलीकडच्या एका खाणीवर जायचे. आधी पोकलेन चालवला, नंतर फोरमन. 2012 ला गोव्यातलं खाणकाम थांबलं तेव्हा घरी बसले ते बसलेच. त्यांचे खाणीचे कपडे आई वेगळ्या बादलीत भिजवायची. त्या लाल पाण्याचा रंग बादलीला कायमचा लागला होता.

मी वाचलं ते एवढंच: डुलुथच्या वरच्या हिबिंग गावातल्या या खाणीचं नाव हल-रस्ट-महोनिंग. 1895 पासून खणतायत. आधी तीसेक वेगवेगळ्या खाणी होत्या, खणता खणता त्यांचा मिळून एकच खड्डा झाला. लांबी पाच किलोमीटरच्या आसपास, रुंदी तीन, खोली 535 फूट. महायुद्धांच्या काळात अमेरिकेतल्या लोहखनिजाचा चौथा हिस्सा या एका खड्ड्यातून निघायचा म्हणे. 1966 ला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाली, आणि काम अजून चालूच! वारसा म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर कुलूप आणि पाटी येते, म्हणून मला याचं जरा नवल वाटलं.

आता अडचण. नवरा म्हणतो, "खड्डा बघायला सव्वातीन तास गाडी चालवायची?" बाबांचे गुडघे दुखतात, चढउतार जमत नाही. वरून नुसतं रिकामं भगदाड दिसतं की यंत्रं चालताना दिसतात? बाकीच्यांना कंटाळा येणार नाही असं आसपास काही आहे का? मुलगा नऊ वर्षांचा आहे. कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.

डुलुथकर:
ताई, बिनधास्त न्या. आम्ही दोनदा गेलोय. बघायच्या जागेजवळ गाडी जाते, काकांना फार चालावं लागणार नाही. तिकीट नाही. मे मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत उघडं असतं, म्हणजे तुम्ही वेळेत आहात.

एक मात्र लक्षात ठेवा, जुन्या प्रवासवर्णनांतला पत्ता वापरू नका. आधीच्या जागेखालचं खनिज खाणीला हवं होतं म्हणून प्रेक्षक उठवले, नवी जागा 2019 ला सुरू झाली. दुर्बीण घ्याच. पहिल्यांदा मी डंपर बघून "अरे, लहान आहेत की" म्हणालो. मग त्याच्या शेजारी पिकअप जाऊन उभी राहिली. तिचं छप्पर डंपरच्या चाकाच्याही खाली होतं. 240 टनी गाड्या आहेत त्या.

उंटावरचा:
प्रेक्षकांना उठवलं यात विशेष काय? या खाणीने अख्खं गाव उठवलंय. हिबिंग वसलं ते नेमकं खनिजावर. 1919 पासून दोनेक वर्षांत शे-दीडशेच्या वर घरं ओंडक्यांवर ठेवून दक्षिणेला ओढत नेली. सेलर्स हॉटेल वाटेत घसरून पडलं आणि त्याच्या फळ्याफळ्या झाल्या.

गावाची समजूत काढायला जी शाळा बांधली ती बघा. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला 39 लाख डॉलर खर्च, सभागृहात काचेची झुंबरं! आत जायचं तर आधी विचारून जा. गायक बॉब डिलन याच शाळेतला, 1959 ला बाहेर पडला. मुलाला बसचं संग्रहालय आवडेल. ग्रेहाउंड बस कंपनीचा उगम याच गावात, 1914 मध्ये. कार्ल विकमनची मोटार विकली जाईना, म्हणून त्याने तीच काढून खाणकामगारांना पंधरा सेंटांत शेजारच्या अ‍ॅलिसला सोडायला सुरुवात केली.

खडकवेडा:
काकांना एक आधीच सांगून ठेवा, नाहीतर निराश होतील. कडा लालभडक दिसतील, पण आता निघणारा माल लाल नाही. डिचोलीसारखं श्रीमंत लाल खनिज इथे दुसऱ्या महायुद्धापर्यंत भसाभस उपसलं. उरला तो टॅकोनाइट. करडा, कमालीचा टणक दगड, लोखंड जेमतेम पंचवीस-तीस टक्के. सुरुंग लावून फोडायचा, पिठासारखा दळायचा, लोहचुंबकाने लोखंडाचे कण ओढून घ्यायचे, मग चिकणमाती घालून गोट्यांएवढे गोळे वळायचे आणि भाजायचे. गोळ्यात लोखंड पासष्ट टक्क्यांच्या आसपास जातं. मिनेसोटा विद्यापीठातल्या ई. डब्ल्यू. डेव्हिस यांनी ही रीत बसवायला अनेक दशकं घालवली. ती बसली नसती तर हिबिंग आज खरोखरच कुलूप आणि पाटी झालं असतं.

माझ्या टेबलावर त्या गोळ्यांची एक बरणी आहे. चिवड्याच्या बरणीएवढी, पण उचलायला दोन हात लागतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार! बाबांना वाचून दाखवलं. डंपरचं ऐकून म्हणाले, "आमचे टिपर दहा टनी. म्हणजे वीसच्या वर टिपर एका खेपेत." मग बराच वेळ गप्प. टॅकोनाइटवर मात्र उसळले: "तीस टक्के? तो माल आम्ही डंपवर टाकायचो!" काल रात्री गावच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावून त्यालाही हे ऐकवलं.

इथल्याच सूदान गावची भूमिगत खाण पण जमेल का? मुलाला लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली जायचंय.

डुलुथकर:
हिबिंगहून तासाभराच्या अंतरावर. पिंजरा जवळपास अर्धा मैल खाली जातो. आत बारा महिने थंडी, स्वेटर घ्या. पण सहली चालू आहेत का ते फोन करून विचारा, आणि काकांच्या गुडघ्यांचंही तेव्हाच बोलून घ्या. एका दिवसात दोन्ही नको, घाई होते.

त्यापेक्षा परतताना डुलुथला थांबा. हिबिंगचे गोळे रेल्वेने शेजारच्या सुपीरियर गावच्या धक्क्यावर येतात आणि तिथून हजार-हजार फुटी जहाजांत पडतात. काकांनी मांडवीतले बार्ज पाहिलेत, त्यांना हे जास्त भिडेल. 1975 च्या नोव्हेंबरात बुडालेलं एडमंड फिट्झगेराल्ड जहाज याच सुपीरियरहून 26 हजार टन टॅकोनाइट घेऊन निघालं होतं. 29 माणसं होती, एकही वाचला नाही.

धागाकर्ती:
ठरलं. पुढच्या शुक्रवारी निघतो, एक रात्र हिबिंग, एक डुलुथ. सूदान पुढच्या खेपेला. नवऱ्याने स्वतःहून दुर्बीण मागवली आहे, यात काय ते समजा.

बाबांचा एक प्रश्न राहिलाय. डिचोलीला पावसाळ्यात खड्डा भरायचा आणि काम बंद पडायचं. एवढ्या मोठ्या खड्ड्यातलं पाणी हे लोक सोडतात कुठे? कोणाला माहीत असेल तर शुक्रवारच्या आत सांगा, नाहीतर तिथे जो भेटेल त्याला ते मालवणीत विचारणार आहेत.