हंगामाआधी बेस गिटारचा ब्रिज बदलावा की आहे तोच सुधरवावा?

बांधीवरचा_बेस (ब्रह्मपुरी)
दिवाळी झाली की मंडई (गावोगावची जत्रा), मग लग्नं, मग एप्रिलमध्ये भीमजयंतीचे कार्यक्रम. ज्यांचा बेस हा पूर्ण हंगाम वाजतो त्यांनी जुना वाकवलेल्या पत्र्याचा ब्रिज (तारांचं खालचं टोक धरणारी धातूची पट्टी) काढून चांगल्या धातूचा भरीव ब्रिज बसवावा, असं माझं ठाम मत आहे.

आवाज मोठा होतो म्हणून नाही, सुरासाठी म्हणतो. धानाच्या बांधीत मंडप, रात्रभर दव, हाताचा घाम आणि वरून धूळ. सॅडलची (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते त्या छोट्या तुकड्याची) उंची ठरवणारे बारीक स्क्रू गंजून जाम होतात. ॲलन की जोरात फिरवली की स्क्रूची खाच गोल होते, मग तो ना वर जात ना खाली. सॅडल मागं-पुढं करणाऱ्या लांब स्क्रूचंही तेच. मोकळी तार ट्यूनरवर बरोबर, पण बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या, आडव्या पट्टीवर) दाबली की सूर चढा. अशा वेळी सॅडल मागं सरकवायला पाहिजे, आणि तेच होत नाही. कीबोर्डचा सूर आपल्या जागी पक्का असतो, त्यामुळे बेसचा चढलेला सूर मंडपात शेवटी बसलेल्यालाही टोचतो.

अट एकच: लाकडात नवीन भोक पाडायचं नाही. फेंडर कंपनीच्या बेसच्या जुन्या पाच स्क्रूंच्या मापात बसणारे ब्रिज गोटो, हिपशॉट वगैरे कंपन्या बनवतात. आधी भोकांमधलं अंतर मोजा, मगच मागवा.

तारा_आधी (चिमूर)
भाऊ, मला हे अजिबात पटलं नाही. स्क्रू गंजला तर स्क्रू बदला, पूर्ण ब्रिज काहून बदलता? गंजावर तेल सोडा, रात्रभर राहू द्या, नाहीच निघाला तर सॅडल काढून लेथवाल्याकडे न्या. तो जुना स्क्रू काढून त्याच आट्याचा नवीन टाकून देते. गावाकडच्या ग्रुपमध्ये पोराला एका रात्रीचे किती भेटतात हे तुम्हाला माहीत आहे. ते पैसे तारांच्या नवीन सेटवर आणि नेकच्या सेटिंगवर गेले पाहिजे. मेलेल्या तारांवर इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) कधीच नीट लागत नाही, ब्रिज कितीही भारी असो.

घुमारा (वरोरा)
सुराचं सोडा, आवाजातही फरक पडतोच. माझ्याकडे जड ब्रिज बसवला तेव्हापासून तार जास्त वेळ गुंजते.

तारा_आधी
ब्रिजसोबत तारा नवीन टाकल्या होत्या ना? मग फरक तारांचा. त्याच जुन्या तारा परत चढवून, त्याच उंचीवर वाजवून पाहा, मग बोलू. आणि पातळ तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटजवळ आवाज लवकर मरतो, तो दोष नेकच्या कंपनाचा असते. ब्रिजनं तो जात नाही.

घुमारा
तारा नवीन होत्या, हे खरं. तरी खालच्या ‘ई’ तारेचा आवाज जास्त आवळ लागतो, हे मी सोडणार नाही.

जनरेटर_नाइट (सिंदेवाही)
तुम्ही दोघं पैशावर भांडून राहिले, पण ब्रिजखालच्या वायरबद्दल कोणीच बोललं नाही. जुना ब्रिज उचलला की आतून आलेलं उघडं तांबं दिसते. ती वायर तारांना अर्थशी जोडते, म्हणूनच तारेला हात लागला की घरघर कमी होते. नवीन ब्रिज काळा रंगवलेला असेल तर खालून नखाएवढा रंग खरवडा, नाहीतर वायर टेकते पण जोडली जात नाही. मल्टिमीटरचं एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या (गिटारला केबल लावतो त्या जागेच्या) बाहेरच्या भागाला लावा. बीप आली पाहिजे.

कोरस_पण_मीच (मूल)
मी तर ती वायर तोडायच्या मताचा आहे. साउंड जनरेटरवर, आपला अँप गावच्या लाइनवर, अर्थिंगचा पत्ता नाही. कोरस द्यायला माइकला ओठ लागले की झिणझिण्या येतात. घरघर चालेल, झटका नाही.

जनरेटर_नाइट
भीती खरी आहे, उपाय चुकीचा आहे. वायर तोडली तरी जॅक आणि धातूचे नॉब अर्थलाच जोडलेले राहतात, हात तिथं लागतोच. अँप आणि माइकचा मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या, आणि त्या बोर्डाला खरी अर्थिंग पाहिजे, हे साउंडवाल्याला सुपारी घेतानाच सांगा. कार्यक्रमाआधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक तारेला, एक माइकच्या जाळीला लावा. काही व्होल्टच्या वर आकडा दिसला तर गिटार गळ्यात घालायची नाही, आयोजक कितीही घाई करो. वायरलेस असेल तर केबलमधून जाणारी वाट तुटते, तेही चांगलं. पण वायर तोडून मोकळं होणं मला मान्य नाही.

कोरस_पण_मीच
जाळी तपासायचं डोक्यात आलं नव्हतं. करतो. पण ज्या गावात साउंडवाला ऐकतच नाही तिथं काय करायचं, याचं उत्तर अजून भेटलं नाही.

जनरेटर_नाइट
तिथं कोरस दुसऱ्याला द्या आणि माइकपासून लांब उभे राहा. तेही जमत नसेल तर त्या स्टेजवर बेस वाजवू नका. दुसरं उत्तर माझ्याकडं नाही.

बांधीवरचा_बेस
तारा_आधी भाऊंचा लेथचा मार्ग एका सॅडलला ठीक आहे. चारही जाम झाले आणि पत्राच वाकला असेल तर काय सुधरवणार? चार तारांचा मिळून सत्तर-ऐंशी किलोंच्या आसपास ताण असतो. आमच्याइकडे एका सुताराने मोठ्या बिटनं भोकं पाडून दिली, स्क्रू पकडेनात, ब्रिज पुढं ओढल्या गेला. शेवटी भोकात लाकडाच्या काड्या आणि फेविकॉल भरून, वाळू देऊन, बारीक बिटनं परत भोकं घ्यावी लागली. भोक पाडू नका म्हणतो ते यासाठी.

तारा_आधी
पत्रा वाकला तर बदला, तिथं माझा विरोध नाही. धडधाकट ब्रिज हंगामाच्या नावाखाली फेकू नका, एवढंच.

नवीन_बोटं (नागभीड)
माझ्या बेसला तारांमधलं अंतर 19 मिमी आहे, दुकानदार 20 चा ब्रिज देतो म्हणतो. चालेल का?

बांधीवरचा_बेस
घेऊ नका. तीन फटींचे मिळून 3 मिमी वाढतात, कडेच्या दोन्ही तारा दीड-दीड मिमी बाहेर जातात आणि जोरात वाजवताना नेकच्या काठावरून घसरतात. ब्रिजच्या पट्टीची जाडीही विचारा. जाड असेल तर सॅडल पूर्ण खाली करूनही तार उंच राहते, मग नेकच्या खाचेत पातळ पाचर द्यावी लागते. 19 चा मिळेपर्यंत जुन्याच ब्रिजवर वाजवा.