जड आवाज तिसऱ्या अल्बमचा

ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडच्या 'पॅरानॉइड' या अल्बममध्ये गाजलेली गाणी जास्त, हे मान्य. पण त्यांचा सर्वांत जड आवाजही तिथेच आहे, असं कोणी म्हटलं तर ते पटत नाही. तो मान १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअॅलिटी'चा.

बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं बर्मिंगहॅमच्या कारखान्यात तुटली होती. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच! प्लास्टिकची टोपणं घालून वाजवायचा. या अल्बमच्या काही गाण्यांत त्याने गिटार चक्क तीन सेमीटोन (अर्धे स्वर) खाली उतरवली, आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी तीनवरून काळी एक. तारा सैल, बोटांना आराम, आणि बँडमधल्याच गीझर बटलरची बास गिटारही सोबत खाली. याच अल्बममधलं 'इन्टू द व्हॉइड' चांगल्या हेडफोनवर ऐका, मग बोलू.