वकिलांना सक्तीचं प्रशिक्षण: गरज की नुसती हजेरी?

काळा कोट (धागाकर्ता): सनद मिळाली, बार परीक्षा पार पडली की वकिलाला अभ्यासाचं कुणी विचारत नाही. १ जुलै २०२४ ला फौजदारी कायदे बदलले. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्याचा अर्ज. आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि रद्द करायला ५२८. आकडे होतील पाठ. पण इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं काय? जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब च्या जागी नव्या साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलंय. अशा पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) भरायची, शिवाय त्याचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा. हे माहीत नसलेल्या वकिलाच्या पेनड्राइव्हवर समोरचा हरकत घेणारच. अमेरिकेत मिनेसोटात १९७५ पासून वकिलांना प्रशिक्षणाची सक्ती आहे, कॅलिफोर्नियात तीन वर्षांत २५ तास. आपल्याकडेही तास भरल्याशिवाय वकिली चालू ठेवता येऊ नये.

बाररूममधला: आणि इंग्लंडचं का नाही सांगितलंत? तिथे सॉलिसिटरांना (तिथल्या वकिलांचा एक वर्ग) वर्षाला १६ तास होते, २०१६ मध्ये तास मोजणंच बंद केलं. आता आपल्याला काय येत नाही ते ज्याने त्याने ओळखायचं आणि शिकायचं. इथे तुमची सक्ती आली तर व्याख्यान म्यूटवर, शेजारच्या खिडकीत कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) टाईप होतेय, शेवटी प्रमाणपत्र डाउनलोड. चुकलं तर जज्जसाहेब कोर्टातच शिकवणी घेतात, तेवढी पुरते.

तिसऱ्या रांगेतली ज्युनियर: ती शिकवणी अशिलाच्या खर्चाने होते, सर. तारीख त्याची जाते, आत तोच राहतो. मला सक्ती मान्य आहे, फक्त फी आमच्या डोक्यावर नको. सीनियर महिन्याला काय हातावर टेकवतात ते इथे लिहायला लावू नका.

दिवाणीवाला: माझं सगळं काम वाटपाचे दावे आणि दरखास्ती (निकालाच्या अंमलबजावणीचे अर्ज). हॅश व्हॅल्यू ऐकायला मी तासभर का बसू?

काळा कोट: उद्या भावाभावांतलं व्हॉट्सॲप तुमच्याच वाटपाच्या दाव्यात येईल तेव्हा? कलम ६३ दिवाणीलाही लागू आहे. आणि विषय निवडायची मुभा असतेच. कॅलिफोर्नियात व्यावसायिक नीतिमत्तेसारखे थोडे तास ठरलेले, बाकीचं वकिलाच्या पसंतीचं. इंग्लंडचं म्हणाल तर तास गेले, जबाबदारी नाही गेली. दरवर्षी तसं लेखी कळवावं लागतं.

दिवाणीवाला: व्हॉट्सॲपचं पटलं. तासांचं नाही.

बाररूममधला: बरं, समजा नियम झाला. तास न भरणाऱ्याची वकिली थांबवणार कोण? सनद देणाऱ्या राज्य बार कौन्सिलचे सदस्य वकिलांच्याच मतांवर निवडून येतात. निवडणुकीच्या तोंडावर हजारो मतदारांना नोटिसा धाडणारा एक उमेदवार दाखवा, पुढचं मग बोलू.

तिसऱ्या रांगेतली ज्युनियर: मग ते काम कौन्सिलकडे देऊच नका. वकालतनाम्यावर प्रमाणपत्राचा क्रमांक लिहायला लावा, नसेल तर फाइलिंगलाच ऑब्जेक्शन. कोर्ट फी स्टॅम्प कमी पडला तर क्लार्क आपली निवडणूक बघतो का?